दिनविशेषाचा पत्ता

मुंबईच्या उपनगरांतल्या मराठी शाळांत सकाळचा परिपाठ ठरलेल्या क्रमाने होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, आणि मग दिनविशेष. एखादी विद्यार्थिनी पुढे येऊन आजच्या तारखेला जन्मलेल्या आणि निवर्तलेल्या थोरांची नावं वाचते, दोन-तीन घटना सांगते, आणि त्यांवरच बेतलेले सामान्य ज्ञानाचे प्रश्न विचारते. 'भारतातली पहिली प्रवासी रेल्वे कधी धावली?' रांगांतून उत्तर येतं, 'सोळा एप्रिल अठराशे त्रेपन्न.' उत्तर बरोबर, पुढचा प्रश्न. वर्तमानपत्रांतले दिनविशेषाचे चौकोन, स्पर्धा परीक्षांच्या वर्गांत फळ्यावर लिहिल्या जाणाऱ्या याद्या आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर पहाटे येणारे तयार परिपाठ यांचा साचा हाच आहे. तो मुलुंडला, सोलापूरला आणि चंद्रपूरला सारखाच चालतो. रोज थोडा वेळ इतिहासाला देण्याची ही सवय फार मोलाची आहे, आणि म्हणूनच तिच्यातला प्रश्न नीट विचारला जावा असं मला वाटतं. आज तो उलट्या बाजूने विचारला जातो. तारीख तर आपण आधीच फळ्यावर लिहिलेली असते. तीच पुन्हा उत्तर म्हणून मागण्यात काय हाती लागतं? तारीख प्रश्नात द्यावी, आणि प्रश्न ज्या गावात, ज्या वस्तीत विचारला जातो तिथला पत्ता त्यात असावा, असं माझं म्हणणं आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड या चार उपनगरांच्या आधाराने ते तपासून पाहू.

१६ एप्रिल १८५३ हीच तारीख घेऊ. बोरीबंदरहून दुपारी साडेतीनला चौदा डब्यांची गाडी सुमारे चारशे पाहुण्यांना घेऊन निघाली आणि चौतीस किलोमीटरवरच्या ठाण्याला पोचली, हे सर्वांना पाठ असतं. पण घाटकोपरच्या मुलाला 'ही गाडी तुझ्या घराजवळून गेली होती का?' असं कुणी विचारत नाही. ती गेली होती. कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंड, ठाणे ही मध्य रेल्वेची आजची वाट म्हणजे तेव्हाचीच वाट. इतकंच नाही, तर मुंबईहून ठाणे-कल्याणकडे लोहमार्ग न्यावा ही कल्पना मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क यांना १८४३ मध्ये भांडुपच्या भेटीत सुचली, अशी रेल्वेच्या इतिहासातली नोंद आहे. भारतीय रेल्वेच्या जन्माची गोष्ट बोरीबंदरला सुरू होते असं आपण धरून चालतो. ती घाटकोपर आणि मुलुंड यांच्या मधल्या एका गावात, दहा वर्षं आधी सुरू झाली होती. 'पहिली' या शब्दालाही इथे जपून हात लावावा लागतो. रुरकीजवळ कालव्याच्या कामावर माती वाहण्यासाठी डिसेंबर १८५१ मध्येच वाफेचं इंजिन चालवलं गेलं होतं, म्हणून १८५३ च्या गाडीला पहिली प्रवासी गाडी म्हणायचं. हे सारं त्या एका तारखेत दडलेलं आहे, आणि तारीख हेच उत्तर मानलं की ते दडलेलंच राहतं.

आता तोच प्रश्न अंधेरी किंवा बोरिवलीच्या शाळेत विचारला तर? १८५३ ची गाडी तिथून गेलीच नाही. त्या बाजूची तारीख चारच दिवस अलीकडची, पण चौदा वर्षं नंतरची आहे: १२ एप्रिल १८६७. त्या दिवशी विरार ते बॅकबे अशी उपनगरी गाडी सुरू झाली, दिवसातून जाणारी एक आणि येणारी एक. त्या वेळच्या स्थानकांच्या यादीत अंधेरी आहे, बोरिवली आहे, आणि आजच्या गोरेगावच्या जागी पहाडी हे नाव आहे. ही गाडी वेगळ्याच कंपनीची होती. मुलुंडवरून जाणारा मार्ग ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा, आणि त्या कंपनीची नजर घाटापलीकडच्या दख्खनवर होती. बोरिवलीवरून जाणारा मार्ग बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया कंपनीचा, आणि तिला मुंबई गुजरातशी जोडायची होती. उपनगर वसवणं हा दोघींपैकी कुणाचाच मूळ हेतू नव्हता. ही गावं त्यांच्या वाटेवर होती एवढंच. मधे पवई-विहारचे डोंगर. त्यामुळे दोन्ही मार्ग उत्तरेकडे समांतर जात राहिले, आणि घाटकोपरहून अंधेरीला रेल्वेने जायचं तर दादरपर्यंत खाली उतरून गाडी बदलून पुन्हा वर यावं लागे. ५ जानेवारी १९२८ ला कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी धावू लागली. वेग वाढला, पण ही रचना तशीच राहिली. ८ जून २०१४ ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, ११.४ किलोमीटर, बारा स्थानकं, तेव्हा दोन मार्गांना उपनगरांच्या मधोमध जोडणारा लोहमार्ग मिळाला. १८५३ पासून १६१ वर्षांनी! म्हणून ८ जूनला 'मुंबईत पहिली मेट्रो कधी धावली?' असं विचारण्यापेक्षा 'मुंबईच्या जुन्या रेल्वे उत्तर-दक्षिण धावतात, मग पहिली मेट्रो पूर्व-पश्चिम का बांधली?' असं विचारावं. रोज मेट्रोने जाणाऱ्या मुलाला या प्रश्नाचं अर्धं उत्तर आधीच ठाऊक असतं. उरलेलं अर्धं शोधताना तो दोन कंपन्या, एक डोंगररांग आणि शंभर-दीडशे वर्षांचा कापूस-धान्याचा व्यापार यांच्यापर्यंत पोचतो.

यावर पहिला आक्षेप स्पर्धा परीक्षांचा आहे, आणि तो हलका नाही. घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलासाठी लोकसेवा आयोगाची परीक्षा हा खरा जिना आहे, आणि तिथे तारखा विचारतात. मग पाठांतराला नावं ठेवण्याचा आम्हाला काय अधिकार? माझं उत्तर असं की पाठांतर सोडा असं इथे कुणीच म्हणत नाही. तारीख प्रश्नातच आली की ती कानावर पडतेच, आणि तिला एखादी ओळखीची जागा जोडली गेली की ती अधिक टिकते. शिवाय या परीक्षांत आता दोन-तीन विधानं देऊन त्यांतलं कोणतं बरोबर, घटनांचा क्रम कोणता, कशाचं कारण काय, असे प्रश्नही भरपूर असतात. '१८५३ ची गाडी आणि १८६७ ची गाडी एकाच कंपनीच्या होत्या' हे विधान चूक की बरोबर, हे नुसत्या तारखा घोकलेल्याला सांगता येणार नाही. दोन मार्गांची गोष्ट ज्याने समजून घेतली त्याला येईल. तेव्हा परीक्षेचा आक्षेप तपासला की तो माझ्याच बाजूला येऊन उभा राहतो.

दुसरा आक्षेप उपनगरांच्या वयाचा. पुण्याला शनिवारवाडा आहे, रायगडाला राज्याभिषेक आहे; अंधेरी-बोरिवलीला काय आहे? इमारती आणि स्थानकं. वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांना पुरतील इतक्या घटना तिथे कुठून आणायच्या? इथे मला बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीच्या लेण्यांकडे वळायचं आहे, कारण तिथे बोरिवलीला फार जुनी, दिवसासकट नोंदलेली तारीख मिळालेली आहे. नव्वद क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीत काही ओळी कोरलेल्या आहेत. त्या झरथुष्ट्री लोकांनी लिहिल्या. बौद्ध लेणी पाहायला आलेल्या या पाहुण्यांनी आपली नावं, आणि यज्दगर्द या शेवटच्या ससानी राजाच्या नावाने चालणाऱ्या कालगणनेतलं वर्ष, महिना आणि दिवस तिथे नोंदवला. यज्दगर्दी ३७८ म्हणजे त्यांतल्या दोन भेटी १० ऑक्टोबर आणि २४ नोव्हेंबर १००९ च्या ठरतात, आणि आणखी एक ३० ऑक्टोबर १०२१ ची. हजार वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात, म्हणजे पाऊस सरून डोंगर हिरवा असताना, कुणी माणसं कान्हेरीला आली आणि 'आम्ही आलो होतो' असं लिहून गेली. १० ऑक्टोबरच्या छापील यादीत ही घटना क्वचितच सापडेल. पण बोरिवलीच्या शाळेत त्या दिवशी 'बौद्ध लेण्यात इराणी धर्माच्या लोकांची नावं कशी?' हा प्रश्न विचारला, तर कोकणच्या किनाऱ्यावरचा व्यापार, पारशांचं येणं आणि लिपीचा शोध हे सगळं त्या एका प्रश्नात बसतं. एकदा असा शोध सुरू केला की दिवस कमी पडण्याची भीती उरत नाही. आणि एखाद्या दिवसाला स्थानिक घटना सापडली नाही, तर त्या दिवशी देशाची किंवा जगाची घटना खुशाल घ्यावी. हट्ट धरण्याचं कारण नाही.

स्थानिक घटना घेतली की दूरच्या थोरांवर अन्याय होईल, मुलं आपल्या गल्लीपुरतीच राहतील, ही शंकाही याच आक्षेपाची पाठराखीण आहे. प्रत्यक्षात उलटं घडतं. १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, आणि महाराष्ट्रात तो वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. त्याच तारखेला, १९३२ मध्ये, जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला थांबले आणि त्यांचं छोटं पस मॉथ विमान जुहूच्या धावपट्टीवर उतरलं. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट पुढचं टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. कलाम त्या दिवशी एक वर्षाचे होते, रामेश्वरमला. अंधेरीच्या शाळेत हे दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले, तर कलामांच्या अग्निबाणांच्या गोष्टीला पाठीमागची बाजू मिळते: ते मूल जन्मलं त्या देशात विमानाने पत्र पोचणं हीसुद्धा नवलाई होती, आणि ती नवलाई आपल्या जुहूला उतरली होती. तारखेच्या योगायोगाने दोन असंबद्ध गोष्टी एकत्र येतात, हा दिनविशेषाचा दोष म्हणून सांगितला जातो. मला तो त्याचा मोठा गुण वाटतो. विषयवार पुस्तकात टाटा आणि कलाम कधीच एका पानावर येणार नाहीत. तारीख कुणाचाही वशिला न मानता त्यांना एकत्र बसवते, आणि त्यांच्यात नातं आहे की नाही हे शोधण्याचं काम आपल्यावर सोपवते.

पण मग तारखेवर भरवसा किती ठेवायचा? हा प्रश्न मी सर्वांत महत्त्वाचा मानतो, आणि याचं उत्तर देण्यासाठी उपनगरांइतकी चांगली जागा महाराष्ट्रात दुसरी नाही. आजची ही चारही ठिकाणं म्हणजे जुनं साष्टी बेट. सोळाव्या शतकापासून ते पोर्तुगीजांकडे होतं, आणि १६६५ पासून माहीमच्या खाडीपलीकडचं मुंबई बेट इंग्रजांकडे. पोर्तुगालने १५८२ मध्येच पोप ग्रेगरींची सुधारलेली कालगणना स्वीकारली होती. इंग्रजांनी ती १७५२ पर्यंत स्वीकारली नाही. म्हणजे सत्तरेक वर्षं खाडीच्या एका काठावर वांद्र्याला जी तारीख होती, ती समोरच्या माहीमला नव्हती. आधी दहा दिवसांचा, आणि १७०० नंतर अकरा दिवसांचा फरक. भर म्हणून इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे त्यांच्या जानेवारी-फेब्रुवारीच्या पत्रांवर मागचंच साल असे. आणि डोंगरापलीकडच्या मराठी दफ्तरांत शक, महिना, तिथी, घटी, पळं यांचा तिसराच हिशेब चाले. चिमाजी आप्पांच्या फौजांनी १७३७ मध्ये ठाणं आणि त्याबरोबर साष्टीचा बहुतेक भाग घेतला. वसईचा किल्ला १७३९ च्या मे महिन्यात शरण आला. शरणागतीच्या तहाची तारीख काही पुस्तकांत १६ मे दिसते, काहींत ५ मे. एका लेखकाची चूक झाली असं वाचणाऱ्याला वाटतं. चूक कुणाचीच नाही. तो एकच दिवस आहे, पोर्तुगीजांच्या आणि इंग्रजांच्या पद्धतीने मोजलेला.

शिवाजी महाराजांच्या तारखांचंही असंच. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीची आहे. त्या वेळी रायगडावर हजर असलेले मुंबईकर इंग्रजांचे वकील हेन्री ऑक्झिंडेन याच पद्धतीने दिवस मोजत. नव्या पद्धतीने तो दिवस १६ जून येतो. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत शुक्रवार आहे आणि तीन घटका रात्र उरलेली असताना महाराज सिंहासनावर बसले असं आहे. आपला वार सूर्योदयाला बदलतो आणि इंग्रजी तारीख मध्यरात्री, म्हणून पंचांगाचा शुक्रवार आणि इंग्रजी शनिवार, दोन्ही खरे. जन्मतारखेच्या वादातही वार हाच मोठा साक्षीदार ठरला. त्याच शकावलीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार अशी नोंद आहे. जुन्या पद्धतीचा १९ फेब्रुवारी १६३० हा दिवस गणिताने शुक्रवारच येतो, आणि कुणालाही कागद-पेन्सिल घेऊन तो पडताळून पाहता येतो. शंकर बाळकृष्ण दीक्षितांसारख्यांनी कालगणनेचा अभ्यास केला, लुई स्वामिकन्नू पिळ्ळै यांनी १९२२ मध्ये शतकांच्या जंत्र्या छापल्या, त्या याच पडताळणीसाठी. आपण घोकतो त्या प्रत्येक तारखेमागे अशा कुणाचे तरी डोळे झिजलेले आहेत.

हे फार जुनं झालं असं वाटत असेल तर २६ जुलै २००५ घ्या. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या सकाळी साडेआठला संपतो आणि आकडा संपणाऱ्या दिवसाच्या नावे लागतो. म्हणून ज्या पावसाला सारी मुंबई 'सव्वीस जुलै' म्हणते, तो खात्याच्या नोंदीत २७ जुलैचा आहे. राज्याभिषेकाची पहाट आणि हा पाऊस, यांच्यात ३३१ वर्षांचं अंतर असलं तरी अडचण एकच आहे: दिवस कुठे सुरू होतो, हे मोजणाऱ्याने ठरवलेलं असतं. आणि याच पावसात जागेचं महत्त्व कळतं. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला फक्त ७३ मिलिमीटर पाऊस पडला. 'मुंबईत २६ जुलैला किती पाऊस पडला?' या प्रश्नाला उत्तरच नाही, जोवर 'मुंबईत कुठे?' असं आपण विचारत नाही. विहार आणि पवईचं पाणी घेऊन निघणारी मिठी नदी त्या दिवशी कुणाच्या घरात शिरली आणि कुणाच्या नाही, हे पत्त्याशिवाय सांगता येत नाही.

इतका घोळ मुलांपुढे मांडला तर त्यांचा इतिहासावरचा विश्वास उडेल, असं काही शिक्षक मनापासून म्हणतात. मला ते पटत नाही. विश्वास उडतो तो एकाच घटनेच्या दोन तारखा दोन पुस्तकांत सापडतात आणि कुणी समजावत नाही तेव्हा. मग 'इतिहास म्हणजे ज्याचं त्याचं मत' अशी समजूत घट्ट होते, आणि मोबाइलवर आलेली कोणतीही तारीख दुसऱ्या कोणत्याही तारखेइतकीच खरी वाटू लागते. ५ मे आणि १६ मे यांच्यातले अकरा दिवस ज्या मुलीने स्वतः मोजले, तिला कळतं की मतभेद सुटू शकतात, आणि ते सोडवण्याची रीत असते. सातवी-आठवीच्या मुलांना यात अवघड असं काही नाही, बेरीज-वजाबाकी पुरते.

याहून अवघड आक्षेप वेदनेच्या तारखांचा आहे. ११ जुलै हा दिवस छापील याद्यांत जागतिक लोकसंख्या दिन असतो. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यावर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव दलाच्या पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसं मृत्युमुखी पडली. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत काही मिनिटांत सात स्फोट झाले, त्यांत जोगेश्वरी आणि बोरिवलीही होती. १८० हून अधिक प्रवासी गेले. हे परिपाठात सांगायचं का? लहान मुलांसमोर सांगू नये, हे मला मान्य आहे. सांगताना कुणाची जखम पुन्हा उघडेल, कुणी कुणाकडे बोट दाखवील, हेही खरं. पण घाटकोपरच्या एखाद्या शाळेत त्या दोन घटनांपैकी एकीत आजोबा किंवा काका गमावलेलं मूल रांगेत उभं असताना, फक्त जगाची लोकसंख्या किती हे विचारणं म्हणजे त्या मुलाला तुझ्या घरचा दिवस इतिहासात बसत नाही असं सांगणं आहे. मोठ्या वर्गांत तरी या तारखा घ्याव्यात, आणि प्रश्न माणसांच्या बाजूचा असावा. जखमींना रुग्णालयात कुणी नेलं, रूळांशेजारच्या वस्तीतून कोण धावून आलं, वस्ती पुन्हा कशी उभी राहिली. मृतांचा आकडा विचारण्याचा प्रश्न मात्र कुठल्याच वर्गात नको.

उरतो तो आक्षेप मी सर्वांत गंभीरपणे घेतो: उपनगर ज्यामुळे बदललं त्या गोष्टींना तारखाच नाहीत. घाटकोपरची शेतं कोणत्या दिवशी चाळींत बदलली? राष्ट्रीय उद्यानातल्या वारली पाड्यांचं जगणं कोणत्या तारखेपासून अडचणीत आलं? मुलुंडची आखणी क्राउन अँड कार्टर या वास्तुरचनाकारांनी १९२२ मध्ये केली असं सांगतात, पण आखलेल्या रस्त्यांवर माणसं राहायला आली ती वर्षानुवर्षं, एकेक करून. दिनविशेष ही पद्धत मुळातच राजे, तह, उद्‌घाटनं आणि मृत्यू यांना झुकतं माप देते, हे मान्य करायलाच हवं. तरी कोरड्या सरकारी तारखांचाही दार म्हणून उपयोग करता येतो. १५ एप्रिल १९५० ला मुंबई महापालिकेची हद्द वाढली आणि अंधेरी, घाटकोपर शहरात आले. बोरिवली आणि मुलुंड मात्र १ फेब्रुवारी १९५७ ला. ही सात वर्षं मुलुंडच्या माणसासाठी काय होती? पाणी कुठून येई, घरपट्टी कुणाला भरत, शाळा कुणाची होती? मुलुंडमध्ये जन्मलेली आजी अजून घरात असेल तर हा प्रश्न संध्याकाळपर्यंत तिच्याकडे जातो. १ जुलै २०१७ हीसुद्धा अशीच तारीख. देशभर त्या दिवशी वस्तू व सेवा कर लागू झाला, आणि सर्व याद्यांत तेवढंच असतं. मुलुंडला त्या दिवशी जकात नाका बंद झाला. नाक्यावर रांगा लावून थांबणारे ट्रक, त्यांच्यासाठी चालणाऱ्या चहाच्या टपऱ्या, जकातीचे दाखले भरून देणारे दलाल, सगळ्यांचं गणित एका रात्रीत बदललं. 'या करामुळे आपल्या नाक्यावर कोणतं काम संपलं?' हा प्रश्न दिल्लीतल्या कायद्याला मुलुंडच्या रस्त्यावर आणतो, आणि त्याचं उत्तर पुस्तकात न मिळता तिथल्या माणसांकडे मिळतं.

ज्यांच्या जगण्याला तारीख नव्हती त्यांचा दिवसही कॅलेंडरवर आहे, फक्त तो नीट वाचावा लागतो. प्रत्येक जुन्या शाळेत जनरल रजिस्टर असतं: मुलाचं नाव, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा. नावं झाकून, नुसतं जन्मस्थळाचं सदर वर्षांच्या क्रमाने वाचलं तर उपनगर कसं भरत गेलं हे दिसू लागतं. कोणत्या वर्षापासून कोकणातली, घाटावरची, मराठवाड्यातली, गुजरातेतली गावं त्या सदरात उतरू लागली ते कळतं. आणि जन्मतारखेचं सदर वाचलं तर एक गोष्ट खटकते. जुन्या पानांवर असंख्य मुलांचा जन्म १ जूनला झालेला असतो. त्यांचे आईवडील शेतमजूर, गिरणीकामगार, हमाल. मूल पेरणीच्या वेळी झालं की पोळ्याच्या, एवढं त्यांना आठवे, पण इंग्रजी तारीख सांगता येत नसे. जून महिन्यात शाळा सुरू होताना नाव घालायला आलेल्या मुलाच्या वयाचा अंदाज करून गुरुजींनी एक जून लिहून टाकला, आणि पुढे तीच तारीख नोकरीत, पेन्शनमध्ये, आधार कार्डावर कायम झाली. दीक्षितांनी आणि पिळ्ळैंनी आयुष्य खर्चून एकेका तिथीची इंग्रजी तारीख काढली. इथे तो हिशेब करायला कुणी नव्हतं, म्हणून लाखो माणसांना एकच तारीख मिळाली. १ जूनला शाळा बंद असते, पण उघडल्यावर पहिल्या आठवड्यात हा प्रश्न विचारता येईल: आपल्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात सर्वांत जास्त वाढदिवस एकाच दिवशी का येतात, आणि तुमच्या घरात कुणाचा वाढदिवस १ जूनला आहे?